दीपिकाच्या दंडावर पट्टी बांधण्याची घाई

राजगीरच्या मैदानावर २० नोव्हेंबर २०२४ रोजी भारतीय महिला हॉकी संघाने चीनला १-० असं हरवलं आणि आशियाई चॅम्पियन्स करंडक आपल्याकडेच राखला. समोरचा संघ पॅरिस ऑलिंपिकचं रौप्यपदक घेऊन आलेला होता. सामन्यातला एकमेव गोल दीपिकाचा, स्पर्धेतला तिचा अकरावा. माजी कर्णधार राणी रामपालने निवृत्ती जाहीर केली त्याला तेव्हा महिनाही उलटला नव्हता. आपल्या हॉकीप्रेमींनी या दोन घटनांची गाठ मारली आणि निकाल देऊन टाकला की नवी राणी मिळाली.

त्यांचं म्हणणं असं. हिसारची ही मुलगी गोल करते. गोल करणारी खेळाडू सामने जिंकून देते. जी जिंकून देते तिच्यात नेतृत्व असतंच. तेव्हा सलीमा टेटे कर्णधार असली तरी ती व्यवस्था तात्पुरती समजावी, दीपिकाला आतापासून त्या जागेसाठी घडवावं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला तिच्या नेतृत्वाखाली जावं. राणीही फॉरवर्डच होती, तीही लहान वयात चमकली होती, तीही पुढे कर्णधार झाली. मग वाट कसली पाहायची?

या मताचा मला राग येतो. ते दीपिकावरच्या प्रेमातून येतं हे मान्य आहे, पण त्याने तिचं भलं होणार नाही. हॉकीच्या चाहत्याने हॉकी पाहायची असते, आणि हे मत सामन्याचा धावफलक पाहून बनलेलं आहे.

त्या अकरा गोलांपासूनच सुरुवात करू. त्यांतले पाच एकट्या थायलंडविरुद्धचे आहेत. तो सामना आपण १३-० ने जिंकला. अकरापैकी सहा पेनल्टी कॉर्नरवर आले, एक पेनल्टी स्ट्रोकवर आणि चार मैदानी. अंतिम सामन्यातला निर्णायक गोलही कॉर्नरवरचाच, रिव्हर्स हिटने मारलेला. त्याच सामन्यात पुढे तिने घेतलेला स्ट्रोक चीनच्या गोलरक्षकाने अडवला. यातून दीपिका कमी प्रतीची ठरते असं मी अजिबात म्हणत नाही. कॉर्नरवर गोल करणारी खेळाडू आपल्याला किती हवी होती ते रांचीत कळलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये तिथे जपानकडून ०-१ ने हरून आपण पॅरिसला मुकलो, तेव्हा कॉर्नर मिळत होते आणि चेंडू जाळ्यात जात नव्हता. ड्रॅगफ्लिकर गुरजीत कौरनंतरची ती पोकळी दीपिका भरून काढते आहे, ही फार मोठी गोष्ट आहे.

पण मग अकरा हा आकडा नेमकं काय सांगतो? कॉर्नरवर चेंडू आत ढकलला जातो, तो थांबवला जातो, ड्रॅगफ्लिकर ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या पावलांनी येऊन मारते. हे कसब रोज तासन्‌तास एकाच हालचालीचा सराव करून येतं. चालू खेळात, पाठीवर बचावपटू असताना, गोलासमोरच्या डीच्या आत मिळालेला अर्धा क्षण ओळखणं हे निराळं कसब. ड्रॅगफ्लिकर म्हणून दीपिका तयार होत आली आहे, फॉरवर्ड म्हणून ती घडते आहे. दोन्हींची बेरीज करून तिच्या भवितव्यावर शिक्का मारणाऱ्यांना या दोन कामांतला फरक दिसत नसेल, तर त्यांनी तिचं मूल्यमापन कशाच्या आधारावर केलं?

फॉरवर्ड म्हणून तिचा खरा पुरावा मला तीन महिन्यांनी दिसला, आणि त्याची चर्चा अकरा गोलांच्या एक दशांशही झाली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरला प्रो लीगमध्ये नेदरलँड्सविरुद्ध, ऑलिंपिक विजेत्यांविरुद्ध, ३५ व्या मिनिटाला ती डाव्या बाजूने सुटली, गोलरेषेच्या कडेकडेने आत शिरली, बचावपटूच्या स्टिकवरून चेंडू उचलून पुढे काढला आणि गोल केला. तो सामना २-२ असा सुटला आणि शूटआउटमध्ये आपण जिंकलो. त्या धावेत वेग होता, पण वेग अनेकींकडे असतो. तिने मान वर ठेवली होती. बचावपटूची स्टिक कधी जमिनीला टेकणार आणि ती टेकली की तिच्यावरून जाता येईल, हे तिने धावता धावता पाहिलं. फॉरवर्डचं भविष्य शोधायचं असेल तर अशा क्षणांत शोधावं.

आणि जिथे गोल होत नाही तिथेही शोधावं. आजच्या हॉकीत बचावाची पहिली फळी म्हणजे फॉरवर्ड. समोरची बचावपटू चेंडू बाहेर काढायला उभी असते, तेव्हा आपली फॉरवर्ड कोणत्या कोनातून धावत जाते यावर तिचा पास कुठे जाणार ते ठरतं. कोन बरोबर असेल तर प्रतिस्पर्धी एका बाजूला कोंडला जातो आणि आपल्या मधल्या फळीला चेंडू आयता मिळतो. तो मिळवणाऱ्या हाफचं नाव समालोचक घेतो, कोंडणाऱ्या फॉरवर्डचं घेत नाही. डीमध्ये गोलाची संधी नसेल तर बचावपटूच्या पायावर चेंडू घालून कॉर्नर कमावता येतो. दोघी अंगावर आल्या की तिसरी मोकळी झालेली असते आणि चेंडू तिला द्यायचा असतो. दीपिका यांतलं काय करते, काय अजून करत नाही, कोणत्या महिन्यात काय शिकली, यावर बोलणारा चाहता मला क्वचित भेटतो. ती कर्णधार कधी होणार हे विचारणारे पुष्कळ भेटतात.

ही घाई आली कुठून? क्रिकेटमधून. सर्वोत्तम फलंदाज सापडला की त्याला भावी कर्णधार म्हणायचं, ही सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे आणि तीच आपण हॉकीवर लादतो. क्रिकेटचा कर्णधार गोलंदाज बदलतो, क्षेत्ररक्षण लावतो, डाव घोषित करतो. खेळाची दिशा त्याच्या हातात असते. हॉकीत खेळाडू कधी बदलायची, प्रेस किती उंचावर लावायचा, शेवटच्या मिनिटांत गोलरक्षक काढून अकरावी मैदानी खेळाडू आणायची का, हे बाकावरून प्रशिक्षक ठरवतो. कर्णधाराकडे उरतं ते आवाजाचं आणि नजरेचं काम. फळ्यांमधलं अंतर राखायचं, घसरणारी रचना आवाज देऊन सावरायची, पंचांशी बोलायचं, गोल खाल्ल्यावरच्या दोन मिनिटांत दहा जणींचं डोकं ताळ्यावर ठेवायचं. हे काम मैदानावर सतत असणाऱ्या आणि पूर्ण मैदान डोळ्यांसमोर असणाऱ्या खेळाडूला जमतं.

फॉरवर्डला यांतलं काय मिळतं? खेळाडू हव्या तितक्या वेळा बदलण्याची मुभा आल्यापासून फॉरवर्ड पाच-सात मिनिटं जीव तोडून धावते आणि बाकावर येते, दम खाते, पुन्हा जाते. साठ मिनिटांच्या सामन्यात ती अनेकदा बाहेर असते. आत असते तेव्हा तिचं तोंड समोरच्या गोलाकडे असतं आणि आपला संघ तिच्या पाठीमागे असतो. आपली बचावफळी विस्कटली आहे हे तिला कसं दिसणार? दिसलं तरी साठ यार्डांवरून ती कुणाला हाक मारणार?

आणि क्रिकेटचाच दाखला द्यायचा तर तो तरी नीट द्यावा. सचिन तेंडुलकरहून मोठा फलंदाज आपण कुठून आणणार होतो? तेविसाव्या वर्षी त्याला कर्णधार केलं. २५ कसोटींत चार विजय मिळाले आणि २००० साली त्याने ते पद सोडलं. फलंदाज म्हणून त्याची थोरवी त्याने रेसभरही कमी झाली नाही. खेळातली प्रतिभा आणि कर्णधारपद या वेगळ्या वस्तू आहेत हे मुंबईकरांना तरी कुणी समजावून सांगायला नको.

आता राणीचा दाखला. या मताचा सगळा भार त्यावर आहे, म्हणून तो सविस्तर पाहायला हवा. शाहाबाद मारकंड्याची राणी २००८ मध्ये भारताकडून खेळू लागली तेव्हा ती शाळकरी पोर होती. २०१० च्या विश्वचषकात, अर्जेंटिनातल्या रोझारियोत, पंधराव्या वर्षी तिने सात गोल केले आणि स्पर्धेतली सर्वोत्तम युवा खेळाडू ठरली. दीपिकाच्या अकरा गोलांपेक्षा ते सात मी कितीतरी वर ठेवीन, कारण ते विश्वचषकातले होते आणि पंधरा वर्षांच्या मुलीचे होते. तेव्हा तिला कर्णधार केलं का? नाही. पुढची काही वर्षं कर्णधार होती ती रितू राणी, मधल्या फळीतली. २०१३ मध्ये ज्युनिअर विश्वचषकात भारताने कांस्य जिंकलं, राणी स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली, तरीही वरिष्ठ संघाचं कर्णधारपद तिच्याकडे आलं नाही. ३६ वर्षांनी महिला संघ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेला तो सुशीला चानूच्या नेतृत्वाखाली, आणि शेवटचा आला. राणी त्या संघात होती. ती कर्णधार म्हणून स्थिरावली २०१७ मध्ये, त्या वर्षी आशिया चषक जिंकला तेव्हा. पदार्पणापासून नऊ वर्षं झाली होती.

त्या नऊ वर्षांत ती काय झाली हे महत्त्वाचं आहे. डीमध्ये घुटमळणारी, गोलाच्या वासावर जगणारी पोर हळूहळू मागे येऊन चेंडू घेणारी, मधल्या फळीशी जोडणारी, खेळ लावणारी खेळाडू झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये भुवनेश्वरला टोकियोच्या पात्रतेचा दुसरा सामना आठवा. पहिला सामना आपण अमेरिकेविरुद्ध ५-१ जिंकला होता आणि दुसऱ्यात मध्यंतरालाच ०-४ ने मागे पडलो होतो. एकूण गोल ५-५. ४८ व्या मिनिटाला राणीने गोल केला आणि ६-५ अशा फरकाने आपण ऑलिंपिकला गेलो. चाहते हा गोल फॉरवर्ड कर्णधाराच्या बाजूने पुरावा म्हणून मांडतात. अकरा वर्षं आंतरराष्ट्रीय हॉकी खेळलेली, रिओत तळाला गेलेली, लंडनच्या विश्वचषकात आयर्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत शूटआउटवर हरलेली बाई त्या क्षणी डीमध्ये उभी होती. तो गोल पंधरा वर्षांच्या राणीने केला असता का, हा प्रश्न मी विचारत नाही. कदाचित केलाही असता. पण ०-४ नंतर मध्यंतराच्या त्या मिनिटांत संघाला सावरणं तिला शक्य झालं असतं, असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणेल का?

राणी एकटी नाही. भारतीय हॉकीत जे फॉरवर्ड मोठे कर्णधार झाले ते सगळे उशिरा झाले. ध्यानचंद १९२६ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेले, १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांनी चौदा गोल केले. त्या संघाचे कर्णधार होते जयपालसिंग, बचावफळीतले. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये कर्णधार लाल शाह बुखारी. ऑलिंपिक संघाचं पद ध्यानचंदांकडे आलं १९३६ मध्ये बर्लिनला, दहा वर्षांनी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात बलबीरसिंग सीनिअर यांनी नेदरलँड्सविरुद्ध सहापैकी पाच गोल केले. कर्णधार के. डी. सिंग ‘बाबू’ होते. ते खेळायचे आघाडीलाच, पण त्यांची ख्याती दुसऱ्याला गोल करून देण्याची. बलबीर कर्णधार झाले १९५६ ला मेलबर्नमध्ये, पहिल्या ऑलिंपिकनंतर आठ वर्षांनी. १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल अशोक कुमारांचा, पण संघ अजितपालसिंग यांचा, सेंटर हाफचा. पॅरिसला दहा गोल करणारा हरमनप्रीत कर्णधार होता हे खरं. तो बचावपटू आहे. सगळा सामना त्याच्यासमोर उलगडतो, आणि कॉर्नर मिळाला की तो पुढे येतो.

आणि धनराज. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, तुटलेल्या स्टिका सांधून खेळलेला हा माणूस १९८९ मध्ये भारताकडून खेळू लागला. नव्वदच्या दशकात जगातल्या कोणत्याही बचावफळीला त्याच्या पहिल्या दहा पावलांची धास्ती असे. त्याच्यापेक्षा लाडका फॉरवर्ड महाराष्ट्राने पाहिलेला नाही. १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी हॉकीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा तो तिशीचा होता, संतापून, पडून, पराभव गिळून पक्का झालेला. त्या सुवर्णानंतर थोड्याच दिवसांत त्याला आणि आणखी काही जणांना संघातून वगळलं. सुवर्ण जिंकलेल्या तीस वर्षांच्या कर्णधाराची ही गत झाली. वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या दंडावर कर्णधाराची पट्टी बांधा म्हणणाऱ्यांनी ती पट्टी काय काय ओढवून आणते याचा विचार केला आहे का? संघ हरला की पत्रकारांसमोर तिला बसावं लागेल. प्रशिक्षक आणि संघटना यांच्यात वाजलं की मधे ती सापडेल. सहकारी मुलीला वगळलं तर ती हिच्याकडे पाहील. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला जाऊन हिने ड्रॅगफ्लिक मारायच्या, डीमध्ये धावायचं.

इथे एक उत्तर ठरलेलं असतं. सलीमा बाविसाव्या वर्षी कर्णधार झाली, सरदारसिंगही विशीच्या सुरुवातीलाच झाला, मग दीपिका का नको? कारण सलीमा आणि सरदार मधल्या फळीतले. झारखंडच्या सिमडेगाची सलीमा जिथे खेळते तिथून बचावफळी आणि आघाडी दोन्ही हाकेच्या अंतरावर असतात. चेंडू तिच्याकडून जातो आणि तिच्याकडे परत येतो. खेळ संथ करायचा की वेगाने न्यायचा हे ती रोजच ठरवते, पट्टी असो वा नसो. वय हा अडसर नाहीच. वयावर बोट ठेवून माझं म्हणणं उडवून लावणाऱ्यांनी जागेचं उत्तर द्यावं. सलीमाला हलवून तिथे गोल करणारी मुलगी आणा म्हणणं हा सलीमावरही अन्याय आहे. २०२४ च्या मे महिन्यात, पॅरिसची संधी हुकलेला, प्रशिक्षक बदललेला संघ तिच्या हाती आला आणि सहा महिन्यांत तिने तो राजगीरला करंडकापर्यंत नेला. तो करंडक ज्यांना दीपिकाच्या नेतृत्वाचा पुरावा वाटतो, त्यांना तो सलीमाच्या नेतृत्वाचा पुरावा का वाटत नाही?

कर्णधार केलं की जबाबदारी येते आणि खेळ उंचावतो, असंही सांगितलं जातं. जबाबदारी तिच्यावर नाही का? ती संघाची ड्रॅगफ्लिकर आहे, सामन्यातला सर्वांत महागडा क्षण तिच्या मनगटावर असतो. ती गोल करणारी फॉरवर्ड आहे, प्रतिस्पर्धी संघ आता तिच्यासाठी वेगळी बचावपटू लावतात. ही दोन ओझी कमी आहेत म्हणून तिसरं द्यायचं? आणि नेतृत्व म्हणजे पट्टीच असेल तर टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करून उपांत्यपूर्व फेरीचं दार उघडं ठेवणाऱ्या वंदना कटारियाने काय केलं? ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. त्या दिवशी पट्टी राणीच्या दंडावर होती. २०१९ मध्ये हिरोशिमाला वडील गेल्याची बातमी आल्यावरही उपांत्य सामना खेळायला थांबलेल्या मिझोरामच्या लालरेमसियामीने संघाला जे दिलं, त्याला तुम्ही काय म्हणाल? ती एकोणीस वर्षांची फॉरवर्ड होती. तिला कुणी भावी कर्णधार म्हटलं नव्हतं, आणि म्हणायची गरजही नव्हती.

संघाला चेहरा हवा, प्रायोजकांना नाव हवं, मुलींना आदर्श हवा, हे म्हणणारे तर आपला हेतू लपवतही नाहीत. चेहरा हवा असेल तर तिचे गोल दाखवा. तिच्या खेळाचं प्रक्षेपण नीट करा. चेहऱ्यासाठी संघाची रचना बदलायची नसते.

या सगळ्याहून मला जास्त खुपतं ते पुढचं. राजगीरनंतर सात महिन्यांनी, २०२५ च्या उन्हाळ्यात, प्रो लीगच्या युरोपातल्या टप्प्यात भारत एकामागून एक सामने हरला, गुणतक्त्यात तळाला गेला आणि लीगमधून बाहेर फेकला गेला. लगेच सूर बदलला. थायलंडविरुद्ध गोल मारणं सोपं असतं, मोठ्या संघांसमोर दीपिका दिसत नाही, डोक्यावर घेतलं आणि हवा गेली. नेदरलँड्सविरुद्धचा तो गोल चार महिन्यांत विसरला गेला. तो संघ का हरत होता? गोलाकडे चेंडू किती वेळा पोचत होता? मधली फळी दबावाखाली चेंडू टिकवू शकत होती का? शेवटच्या पंधरा मिनिटांत पाय का उचलत नव्हते? हे विचारायचं सोडून फॉरवर्डला धरलं, कारण गोल मोजायला सोपे असतात. चढवणारे आणि उतरवणारे हे दोन तट नाहीत. गोल झाला तर राणी आणि नाही झाला तर संपली, असं दोन्हीकडचे म्हणतात, कारण मधला खेळ दोघांनीही पाहिलेला नाही.

महाराष्ट्रातल्या हॉकीप्रेमींना तर मी अधिक जोर देऊन विचारीन. २६ जानेवारी २०२५ ला रांचीत पहिल्या महिला हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सने सूरमाला २-१ ने हरवलं आणि दोन्ही गोल सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळने केले. तीही तरुण फॉरवर्ड. तिच्या त्या संध्याकाळबद्दल आपल्याकडे किती बोललं गेलं? जे बोलले त्यांनी काय विचारलं? तिला पुढच्या वर्षी किती सामने मिळणार, हे विचारलं का? अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके आणि ऋतुजा, एकाच जिल्ह्यातून तिघी भारताकडून खेळल्या. तिथल्या चौथ्या मुलीला टर्फवर खेळायला घरापासून किती लांब जावं लागतं, हे विचारलं का? पहिल्या महिला लीगमध्ये चारच संघ होते. चार संघांत भारतीय फॉरवर्ड किती बसणार आणि त्यांतल्या कितींना पूर्ण वेळ खेळायला मिळणार? वर्षातून मोजके कठीण सामने खेळून विशीतली मुलगी नेदरलँड्सच्या बचावफळीला कशी भेदणार? नेदरलँड्सची मुलगी तिच्या वयाची होईपर्यंत क्लब हॉकीत दर आठवड्याला तोलामोलाच्या बचावपटूंशी झुंजलेली असते.

मला दीपिकाबद्दल शंका नाही. ३५ व्या मिनिटाची ती धाव पाहिलेल्या माणसाला शंका उरू नये. ती मोठी फॉरवर्ड होऊ शकते, आपण पाहिलेल्यांतली फार मोठी. म्हणूनच तिला सलीमाकडून चेंडू हवेत, नवनीत कौरसारखी अनुभवी जोडीदार शेजारी हवी, कॉर्नरचा भार वाटून घेणारी दुसरी ड्रॅगफ्लिकर हवी, गुडघे आणि पाठ सांभाळणारा फिजिओ हवा, आणि गोलाविना गेलेल्या चार सामन्यांनंतरही पाचव्यात उतरवणारा प्रशिक्षक हवा. तिला पाठीवर बचावपटू घेऊन वळायला शिकायचं आहे, उजव्या बाजूनेही तितकंच धारदार व्हायचं आहे, न मिळालेल्या पासच्या मागेही दहाव्यांदा धावायचं आहे. याला वर्षं लागतात. राणीला लागली, धनराजला लागली, ध्यानचंदांना लागली. ती वर्षं तिला पूर्ण मिळू द्या, आणि तोवर कर्णधारपदाचा विषय तिच्यापाशी काढू नका. सलीमा टेटे या संघाची कर्णधार आहे. दीपिकाने डीमध्ये असावं.